कॉलर, बाह्या आणि डोकं

हिंगोली जिल्ह्यात हळद निघाली की रिआल माद्रिदची पांढरीशुभ्र जर्सी पंधरा दिवसांत ब्राझीलची होते. हळद शिजवायच्या कुकरपाशी, वाळवणावर आणि पॉलिशच्या ढोलाजवळ अंगात घालायला जुनं, हलकं आणि घाम लवकर वाळणारं काहीतरी लागतं. त्या कामी गेल्या काही वर्षांत फुटबॉलच्या जर्सीने बनियनची जागा घेतली आहे. पाठीवर मेस्सी, पोटावर दुबईच्या विमान कंपनीची जाहिरात आणि खांद्यावर हळदीचं पोतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तसं या पिवळेपणालाही मिळायला हरकत नाही. कुठल्याच साबणाने तो जात नाही, एवढं वैशिष्ट्य पुरेसं आहे.

आता हिंगोली काही फुटबॉलचं गाव नव्हे. कोल्हापुरासारख्या इथे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यात पेठा वाटल्या गेलेल्या नाहीत. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना आहे म्हणून कुणी दुपारीच दुकानाचं शटर ओढलं, असंही इथे घडत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. नाव निघतं ते औंढ्याच्या नागनाथामुळे, नर्सीच्या नामदेवांमुळे, रामलीला मैदानावरच्या दसऱ्यामुळे आणि अलीकडे औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो प्रयोगशाळेमुळे. विश्वाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची थरथर उद्या औंढ्याला कळणार आहे. मँचेस्टरात कॉलरचा रंग बदलला तर ते मात्र आजच कळतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, चहाची टपरी पुरते.

टपरीवर जी जर्सी चालते, तिच्या जाती ठरलेल्या आहेत. ‘ओरिजनल’ म्हणजे जी कुणीतरी पुण्याला नोकरीला असलेल्या चुलतभावाच्या अंगात पाहिली आहे ती. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे नांदेडहून किंवा मोबाइलवरून मागवलेली, जिचा बिल्ला तिसऱ्या धुण्यापर्यंत टिकतो. आणि बाजारात हँगरला टांगलेली तिसरी, जिच्यावर रोनाल्डोच्या नावातलं एक अक्षर कारखान्यातच राहून गेलेलं असतं. इंटर मियामीची गुलाबी जर्सी २०२३ साली आली, तेव्हा घराघरांत वडीलधाऱ्यांनी ‘हा पोरींचा रंग कामून आणला?’ म्हणून चौकशी केली. पोरांनी उत्तर दिलं, ‘मेस्सीचा आहे.’ मेस्सी कोण हे वडिलांना ठाऊक नव्हतं, पण पोराचा आवाज ऐकून ते गप्प बसले.

शिवाय एक चौथी जात आहे, आणि खरं म्हणजे जिल्ह्याची स्वतःची जर्सी तीच. गावच्या स्पर्धेसाठी छापून घेतलेला टी-शर्ट. खेळ कोणताही असो, पुढच्या बाजूला मंडळाचं नाव, बाहीवर कृषी सेवा केंद्राचं सौजन्य, आणि पाठीवर, जिथे जगभर खेळाडूचं नाव असतं तिथे, हसऱ्या चेहऱ्याचे भावी सरपंच. फिफाच्या कुठल्याही नियमात भावी माणसाचा फोटो बसत नाही. पण फिफाला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची नसते.

हे सगळं हसण्यावारी नेण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. पांढऱ्याचं पिवळं होणं हा विनोद हिंगोलीच्या आधी ब्राझीलने केला होता, आणि तो अतिशय गंभीरपणे. १६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ हरवलं. तेव्हा ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळत असे. एवढा मोठा देश रडला, आणि रडून झाल्यावर दोष कपड्यांना देण्यात आला. पांढऱ्यात म्हणे देशप्रेम दिसत नाही. मग ‘कोरेयो दा मान्या’ या वर्तमानपत्राने १९५३ मध्ये स्पर्धा ठेवली. राष्ट्रध्वजातले चारही रंग वापरून नवा पोशाख काढा, अशी अट होती. जिंकला आल्दिर श्ली नावाचा विशीच्या आतला पोरगा. तो जन्मला उरुग्वेच्या अगदी सीमेवर. पुढे तो लेखक झाला, आणि आपण पाठिंबा उरुग्वेला देतो हे त्याने कधी लपवलं नाही. जगातली सर्वांत प्रसिद्ध जर्सी शत्रुपक्षाच्या चाहत्याने काढलेली आहे. शिंप्याची निष्ठा तपासायची नसते, माप बरोबर आलं म्हणजे झालं.

हरलं की कपड्यांना दोष द्यायची ही पद्धत इंग्लंडात तर कळसाला पोचली. १३ एप्रिल १९९६. साउदम्प्टनच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड राखाडी जर्सीत उतरलं आणि मध्यंतरापर्यंत ०-३ ने मागे पडलं. अॅलेक्स फर्ग्युसन या त्यांच्या प्रशिक्षकांनी मध्यंतरात आख्ख्या संघाचे कपडे बदलायला लावले. कारण काय, तर राखाडी रंगात आमची पोरं एकमेकांना दिसत नाहीत, गर्दीत मिसळून जातात. निळ्या-पांढऱ्या जर्सीत युनायटेडने एक गोल केला आणि सामना १-३ ने हरला. राखाडी जर्सीत हा संघ पाच सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. ती लगेच मोडीत निघाली. आज तीच जर्सी ‘रेट्रो’ म्हणून जास्त पैशांना विकली जाते, आणि ती घालणाऱ्याला मित्र गर्दीत पटकन ओळखतात.

टपरीवरचा युनायटेडवाला हा किस्सा तारखेसकट सांगतो. त्याला कोणत्या साली कोणती कंपनी होती, कॉलर कधी गोल झाली आणि कधी व्हीच्या आकाराची झाली, हे सगळं पाठ आहे. घरून गॅसचा नंबर लावायला सांगितलेला असतो, तेवढा विसरतो. समोर बसलेला बार्सावाला म्हणतो, ‘तुमच्याकडं कॉलर सोडून सांगण्यासारखं राह्यलंच काय लेका?’ मग अर्धा तास निघतो. या वादात कार्डिफही येतं. मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये ‘ब्लूबर्ड्स’ म्हणवणाऱ्या त्या क्लबाचा निळा रंग काढून लाल केला, आणि लोकांनी इतकं लावून धरलं की जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा निळा करावा लागला. मालकाला क्लब विकत घेता येतो, रंग घेता येत नाही, असा निकाल बार्सावाला देतो. हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा त्यांच्यातला तिसरा गडी लगेच हरकत घेतो, की रंगाशिवाय माल घेतो कोण? त्याच्या धंद्यात सगळा भाव रंगावरच ठरतो.

कोलकात्याला तर कपड्यांच्या दुकानातच इतिहास घडला. १९२० साली ईस्ट बंगाल क्लब निघाला, तेव्हा संस्थापक जर्सी शोधत चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या बड्या दुकानात गेले. तिथे टांगलेला लाल-सोनेरी शर्ट डोळ्यांत भरला आणि त्यांनी तोच घेतला, असं सांगतात. किंमत ऐंशी रुपये, त्या काळी! शंभर वर्षं झाली, रंग तोच आहे. पलीकडे मोहन बागानच्या हिरव्या-मरूनवर २०२० साली ‘एटीके’ ही अक्षरं चढली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी तीन वर्षं आंदोलन केलं. मार्च २०२३ मध्ये गोव्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी ती तीन अक्षरं काढायची घोषणा केली. करंडकापेक्षा त्या घोषणेचा आनंद काही लोकांना जास्त झाला असावा.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? १४ डिसेंबर २०२५ रोजी मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा सचिन तेंडुलकरने त्याला दिली काय, तर स्वतःची दहा नंबरची जर्सी. दोन थोर माणसं भेटली आणि कपडे देऊन मोकळी झाली. लग्नात जावयाला टॉवेल-टोपी देणाऱ्या आपल्याला हा आहेर अजिबात नवा वाटला नाही.

टपरीवरच्या प्रत्येक टोळक्यात एक निवृत्त पी. टी. चे सर असतात. त्यांचा चहा पोरं देतात आणि बदल्यात जुनं ऐकून घेतात. कॉलर, बाह्या, कापड असं चाललेलं असताना ते मध्येच एखादं वाक्य टाकतात.

‘बॉबी चार्लटनला शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं म्हणतात.’

‘कोण, तो टकल्या?’

‘टकल्या म्हणू नको बे,’ दुसरा हळूच म्हणतो, ‘सर बसलेत.’

सर टोपी सारखी करतात. तिसरा मोबाइलमध्ये बघून सांगतो की चार्लटन यांना स्मृतिभ्रंश असल्याचं नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालं होतं आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी ते गेले. दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग युनायटेडवाला म्हणतो, ‘पण त्यांची १९६८ ची युरोपियन कपवाली निळी जर्सी भारी होती.’ चर्चा पुन्हा रुळावर येते.

यात पोरांचा दोष नाही. जगभर हेच चालतं. खेळाडू गेला की चाहता कपाटाकडे धावतो, कारण त्याच्या हातात तेवढंच असतं. युनायटेडच्याच डेनिस लॉ यांचं बघा. लांब बाह्यांची टोकं मुठीत गच्च धरून खेळायची त्यांची लकब, शर्ट चड्डीबाहेर आलेला आणि गोल झाला की एकच हात वर. इंग्लंडातल्या दोन पिढ्यांनी गल्लीत खेळताना आईने विणलेल्या स्वेटरच्या बाह्या त्यामुळे ताणून खराब केल्या असतील. याच लॉ यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच्या स्मृतिभ्रंशाची बातमी जाहीर केली. १७ जानेवारी २०२५ रोजी ते वारले. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर जॉर्ज बेस्ट, लॉ आणि चार्लटन या तिघांचा पुतळा आहे. त्या तिघांतल्या दोघांना अखेरीस आपण काय खेळलो ते नीट आठवत नव्हतं. समोर फोटो काढायला उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र तिघांचीही गोलसंख्या तोंडपाठ असते.

इंग्लंडचा १९६६ चा विश्वविजेता संघ घ्या. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनी पांढऱ्यात होती, म्हणून इंग्लंड लाल जर्सीत खेळलं आणि ४-२ ने जिंकलं. त्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन आणि बॉबी चार्लटन, अशा पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. यातले नॉबी स्टाइल्स म्हणजे सामना संपल्यावर एका हातात कप आणि दुसऱ्या हातात स्वतःची कवळी घेऊन मैदानभर नाचलेले गृहस्थ. त्यांनी २०१० मध्ये आपली पदकं लिलावात काढली. त्याच संघातल्या जेफ हर्स्ट यांची अंतिम सामन्यातली लाल जर्सी २००० साली ९१ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली होती. जर्सी पेटीत नीट घडी घालून ठेवली तर पन्नास वर्षं टिकते. डोक्याला अशी पेटी नसते.

पण या सगळ्या प्रकरणाचा खरा नायक वेगळा आहे आणि त्याचं नाव टपरीवर कुणालाच ठाऊक नसतं. जेफ अॅस्टल. वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियन या क्लबाचा सेंटर फॉरवर्ड. क्लबासाठी १७४ गोल, त्यातले कितीतरी डोक्याने. १९६८ च्या एफए कपमध्ये त्याने प्रत्येक फेरीत गोल केला, आणि एव्हर्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोलही त्याचाच. १९७० च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध अगदी सोपी संधी त्याच्याकडून हुकली, तीही लोकांनी जन्मभर लक्षात ठेवली. चाहत्यांची स्मरणशक्ती याही बाबतीत दांडगी असते.

त्या काळी फुटबॉलच्या पगारावर म्हातारपण निघत नसे. अॅस्टलने खिडक्या धुण्याचा धंदा सुरू केला. गाडीवर पाटी काय, तर जेफ अॅस्टल कोपरा कधी चुकवत नाही! ब्राझीलविरुद्ध चुकलं ते चुकलं, काचेचा कोपरा चुकणार नाही, असा माणूस. विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या शेवटी तो वाईट आवाजात गाणी म्हणायचा आणि लोक त्यालाही टाळ्या द्यायचे. १९ जानेवारी २००२ रोजी तो गेला तेव्हा वय होतं एकोणसाठ. त्याआधी काही वर्षं घरातल्या माणसांची ओळखसुद्धा सुटत चालली होती. नोव्हेंबर २००२ मध्ये मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निकाल दिला की हा व्यवसायामुळे झालेला आजार आहे. वर्षानुवर्षं डोक्याने चेंडू मारत राहिल्याने मेंदूला इजा झाली. खाणकामगाराला छातीचा रोग व्हावा, तसा हा सेंटर फॉरवर्डला डोक्याचा.

एवढा स्पष्ट निकाल आल्यावर फुटबॉल चालवणाऱ्यांनी काय करावं? बारा वर्षं फारसं काही केलं नाही. २०१४ साली ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी अॅस्टलच्या जपून ठेवलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. डोक्याला वारंवार मार बसणाऱ्या मुष्टियोद्ध्यांमध्ये आढळणारा आजार त्यात सापडला. अॅस्टलची मुलगी डॉन आणि घरचे लोक तोवर दारोदार फिरत होते. आणि मग ११ एप्रिल २०१५ हा दिवस आला.

त्या दिवशी वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनचा लेस्टरशी सामना होता. क्लबाने ‘अॅस्टल दिन’ जाहीर केला आणि अख्खा संघ १९६८ च्या अंतिम सामन्यातल्या पोशाखाची प्रतिकृती घालून उतरला. पोटावर जाहिरात नाही, पाठीवर नाव नाही. प्रीमियर लीगची जर्सी म्हणजे चालतं-बोलतं होर्डिंग, त्यामुळे अशा कोऱ्या शर्टासाठी खास परवानगी लागते. ती मिळाली. त्याच दिवशी जेफ अॅस्टल फाउंडेशन सुरू झालं. सामना क्लब हरला, तो भाग वेगळा. जर्सी आणि डोकं या दोन विषयांवर फुटबॉलच्या जगात एकाच वेळी शहाणपणाने बोललं गेलं, असा हा बहुधा पहिला दिवस. जाहिरात काढली तेव्हा कुठे आतला माणूस दिसला.

डॉ. स्टुअर्ट पुढे आकड्यांच्या मागे लागले. त्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सर्वसामान्य लोकांमधल्या सुमारे २३,००० जणांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मेंदूचा ऱ्हास होणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट, आणि अल्झायमर्सचं पाच पट. याच अभ्यासात हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने जाण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये कमी निघालं. म्हणजे काळीज ठणठणीत, छाती साफ, पाय भक्कम, आणि घराचा पत्ता आठवत नाही.

२०२१ मध्ये आणखी एक तपशील आला. गोलकीपरांना हा जादा धोका जवळजवळ दिसत नाही आणि बचावपटूंना सर्वांत जास्त, सुमारे पाच पट दिसतो. गल्लीतल्या फुटबॉलमध्ये जाड्या किंवा आळशी पोराला गोलकीपर करतात, हे आपण सगळे जाणतो. त्याची थट्टाही करतो. विज्ञानाचा कौल त्या पोराच्या बाजूने लागला आहे, हे त्याला कुणीतरी कळवावं.

इथे टपरीवर हमखास एकजण म्हणतो, की ते जुन्या चामड्याच्या चेंडूमुळे झालं, आताचे चेंडू हलके असतात. ऐकायला पटतं, पण चेंडूचं वजन १९३७ पासून नियमाने १४ ते १६ औंस, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅमच आहे. जुना चेंडू पावसात पाणी प्यायचा आणि जड व्हायचा हे खरं. आताचा पाणी पीत नाही, पण येतो फार वेगाने. हलकी झाली ती जर्सी. सुती जाडाभरडा शर्ट जाऊन श्वास घेणारं, घाम खेचणारं, भोकाभोकाचं कापड आलं. संशोधनाचा किती पैसा काखेत हवा खेळती राहावी म्हणून गेला आणि किती डोक्यासाठी, याचा हिशेब कुठल्या कंपनीने मांडलेला दिसत नाही. जर्सी दरवर्षी नवी विकता येते. डोकं एकदाच मिळतं, आणि त्याची फर्स्ट कॉपी निघत नाही.

भारतातली गोष्ट सांगायची तर ती सुरू होते जवळजवळ विनापोशाख. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी २-१ असे थोडक्यात हरले. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ हरवलं, तेव्हा कुठे बूट सक्तीचे झाले. ब्राझीलने हरल्यावर शर्ट बदलला, आपण हरल्यावर बूट घातले.

आणि इथे हिंगोलीचा एक हक्क आहे, जो पी. टी. चे सर सोडून कुणी सांगत नाही. भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. त्यांचा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईला येऊन रोव्हर्स कप घेऊन गेला. त्या वेळी हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. म्हणजे कायद्याने बघितलं तर तो आपलाच संघ! १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, आणि बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, रहीमसाहेबांच्या पोरांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ‘आपण एक महिना आधी निघालो,’ सर खंतावून सांगतात, ‘न्हाई तर तो विजय दोन्हीकडून आपला होता.’ खेळाडू मुंबईचा, प्रशिक्षक हैदराबादचा, आणि हिंगोली महिनाभरापूर्वीच पक्षांतर करून बसलेली.

त्या मेलबर्नच्या संघात पी. के. बॅनर्जी होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली तो गोल त्यांचा. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा फुटबॉलचा पहिला त्यांना. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एक गोल त्यांचा आणि दुसरा जर्नेल सिंगचा. हा जर्नेल सिंग आधीच्या एका सामन्यात डोकं फोडून घेऊन, टाके घालून, बचावातून थेट आघाडीला खेळायला उभा राहिलेला. आज त्याला डॉक्टरने मैदानाच्या कडेलाही बसू दिलं नसतं.

जर्सीवेड्यांसाठी पी. के. म्हणजे मोठी अडचण. कोलकात्यात राहून त्यांनी मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मोहामेडन यांपैकी एकाचीही जर्सी खेळाडू म्हणून घातली नाही. जवळजवळ सगळी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेत. १९५८ मध्ये त्या रेल्वेला कोलकाता लीगही जिंकून दिली. प्रशिक्षक म्हणून मात्र दोन्ही बड्या घरांत संसार केला. त्यांचं हत्यार म्हणजे बोलणं. सामन्याआधी खेळाडूंना असं काही बोलायचे की त्या भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ असं नाव पडलं. १९९७ मध्ये सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक लोकांसमोर त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ हरवलं. बायचुंग भुतियाचे तीन गोल, आणि टॉनिक पी. कें. चं.

अखेरच्या काळात त्यांना पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंश, दोन्ही होते. २० मार्च २०२० रोजी ते गेले. त्यांचा आजार चेंडू डोक्याने मारण्यामुळे झाला, असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि इथेही तसं म्हणायचं नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला हा आजार तसाही होऊ शकतो. पण शब्दांवर अख्खा संघ उभा करणाऱ्या माणसाचे शब्दच हळूहळू जावेत, हे त्यांच्या कोणत्याही विरोधी संघालाही बघवलं नसतं. त्या आठवड्यात देशात टाळेबंदीची चाहूल लागली होती, आणि बातमी आली तशी मागेही पडली.

डॉ. स्टुअर्ट यांच्यासारखी मोजदाद भारतातल्या माजी फुटबॉलपटूंची झालेली नाही. सर्वसाधारण ज्येष्ठांची मात्र झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. एवढी माणसं काही सेंटर फॉरवर्ड नव्हती. त्यांत शेतकरी आहेत, मास्तर आहेत, हळद शिजवणाऱ्या बायका आहेत. आपल्याकडे आबा एकच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो. बैल विकून दहा वर्षं झाली तरी वैरण टाकायला निघालेले आबा घरच्यांना आधी गमतीचे वाटतात, मग त्रासाचे. दवाखान्यात नेतात ते गुडघा दुखतो म्हणून. हा आजार आहे, त्याची तपासणी असते, आणि थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता अशी काही बरी होणारी कारणंही त्यामागे असू शकतात, हे सांगायला टपरीवर कुणी बसलेलं नसतं. तिथे बसलेल्यांना अर्जेंटिनाच्या जर्सीतल्या पट्ट्या मोजायच्या असतात.

फुटबॉलवाल्यांनी उशिरा का होईना, थोडी हालचाल केली आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी केली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात त्याचा सराव बंद केला. इंग्लंडात मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनाही २०२१ पासून आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेडर मारायला सांगितलं आहे. मोजतो कोण, हा प्रश्न तिथेही आहेच.

आपल्याकडे १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर ‘फुटबॉल दिन’ झाला. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्ताने शाळांना फुटबॉल वाटण्यात आले आणि दहा लाख मुलांनी एकाच दिवशी खेळावं असं ठरलं. त्यातले बरेच चेंडू नंतर हेडसरांच्या कपाटात, हजेरीपटांशेजारी सुखरूप राहिले. आता मेस्सी येऊन गेल्याने आणि विश्वचषकाचं वर्ष असल्याने ते पुन्हा बाहेर निघत आहेत. पोरं बाजारातल्या जर्सी घालून मैदानावर येत आहेत आणि मोबाइलवर पाहिलेले हेडर मारू बघत आहेत. काही ठिकाणी सर टाळ्याही वाजवतात.

तर जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना विनंती एवढीच, की पाचवीपर्यंतच्या पोरांना चेंडू पायानेच खेळू द्या. डोक्याने मारायचा सराव घेऊ नका, आणि डोकं आपटलेल्या पोराला त्या दिवशी पुन्हा मैदानावर सोडू नका. टपरीवरच्या मंडळींना दुसरी विनंती. घरातल्या आबांचं विसरणं वाढलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि कुठे दाखवायचं ते कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. क्रमांक १४५६७. जर्सीच्या पाठीवर छापायला जरा लांब पडेल, पण लक्षात राहण्यासारखा आहे, आणि तुमची स्मरणशक्ती किती चांगली आहे ते सगळ्या हिंगोलीला माहीत आहे.